न बसणारा यजमान

दोब्रिवोये माझे शेजारी. आमच्या गावच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं लग्नं लावली. छातीवर तिरंगी पट्टा असायचा, त्याला इस्त्री स्वतःच करायचे. नवरानवरी विशीतली पोरं असली तरी त्यांना "आपण" म्हणायचे. घरी बायको कॉफी घेऊन आली की खुर्चीतून उठून उभे राहायचे. अशा माणसाच्या मनात काय चाललंय हे ओळखायचं कसं?

मला तर ओळखायलाच हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते इस्पितळात असताना त्यांच्या कुंपणाजवळचा अक्रोड कचेरीच्या माणसांनी तोडला. तोडा म्हणून दिलेल्या अर्जावर पहिली सही माझी होती. घरी आल्यावर त्यांनी बुंध्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "नमस्कार, तिहोमिर. प्रकृती कशी आहे आपली?"

तेव्हापासून त्यांचा प्रत्येक नमस्कार मी उलटासुलटा करून पाहत आलो.

संत निकोला त्यांच्या घराण्याचा कुलसंत, डिसेंबरातला त्याचा दिवस हा त्यांच्या घरचा सण. या दिवसाचं आमंत्रण आमच्यात कुणी देत नाही, आपण आठवणीने जायचं. नाही गेलं तर वैर जाहीर झालं. म्हणून दरवर्षी जायचो. दारात गालाला गाल तीनदा, चमचाभर गोड गहू, मग पेलाभर राकिया, फळांची कडक दारू. संताची मेणबत्ती जळते तोवर यजमान बसत नाही आणि पाहुण्याला वाकडा शब्द बोलत नाही. दोब्रिवोये वाढायला माझ्या खुर्चीमागे उभे राहिले की माझी मान आखडायची.

"ताटात चोरासारखं काय बघताय?" माझी बायको कुजबुजायची. "मासाच आहे तो."

"तुकडा फार मोठा दिलाय. का दिला असेल?"

"मग इकडे द्या, मी खाते."

यंदा त्यांचे पाय सुजले होते, तरी सकाळपासून उभेच. त्यांच्या मुलाने, ओग्न्येनने, तीनदा खुर्ची आणली. तीनदा त्यांनी ती पाहुण्यालाच दिली. दुपारी मात्र त्यांनी भिंतीला हात टेकला. संताची रोटी उचलून त्यांनी ती ओग्न्येनच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून हा दिवस तुझा."

मग थेट माझ्या शेजारी येऊन बसले.

"आता मी यजमान नाही," ते म्हणाले. "अर्जावर पहिली सही तुझी होती."

त्यांनी मला कधी "तू" म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"का रे?"

"माझ्या मिरच्यांवर सावली पडायची."

"मिरच्यांसाठी! माझ्या आजोबांनी लावलेलं झाड! अरे मेल्या, बोलला असतास तर फांद्या मी स्वतः छाटल्या असत्या!"

ओग्न्येन थाळी घेऊन धावत आला. "बाबा, मेणबत्ती जळतेय अजून!"

"यजमानाने भांडू नये. मी पाहुणा आहे. तू मासे वाढ."

मी कोट उचलून उठायला लागलो. दोब्रिवोयेंनी माझी बाही घट्ट धरली.

"बस खाली. अकरा वर्षांचं साठलंय. एवढ्यात संपणार नाही."

मी बसलो. माझी मान मोकळी झाली होती.