उकळत ठेवलेला दगड

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. भाद्रपदातले ते तीन दिवस मी वहीवर जगते. त्या वर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशी वहीत एकवीस कामं होती. नववं काम होतं, दगड साफ करणे.

दगड माझ्या धाकट्या दिरांचा. समता कॉलनीतल्या आमच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात त्यांची समुद्री माशांची काचपेटी असते. रायपूरमध्ये बसून हा माणूस मोजून मीठ घालून समुद्र तयार करतो. पेटीतल्या दगडांवर जिवंत प्रवाळं आहेत. त्यातली काही अगदी शर्टाच्या बटनांसारखी, हिरवी आणि केशरी. उजेड आला की उघडतात, हात जवळ गेला की मिटतात. ही बटनं विषारी असतात, त्यांना उघडा हात लावायचा नाही, असं भाऊजींनी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

भाऊजी रेल्वेच्या ऑफिसात आहेत. घरात त्यांचे मोजे फ्रिजवर सापडतात, चष्मा शिंक्यासारखा कुठेही लटकलेला असतो. पण पेटीपाशी गेले की माणूस बदलतो. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढणार. वायरी बोर्डाच्या खालपर्यंत सैल सोडलेल्या, म्हणजे ओघळणारा थेंब खालीच पडावा, सॉकेटमध्ये जाऊ नये. बोटाला साधी चीर असली तरी त्या दिवशी पाण्याला हात नाही. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पेटीच्या बादल्या वेगळ्या, त्यांच्या कड्यांना लाल चिंधी बांधलेली.

"आज कोणाचं ऑपरेशन आहे, डॉक्टरसाहेब?" मी विचारायची.

"हसा वहिनी, हसा. पण लाल चिंधीची बादली पोछ्याला घेऊ नका."

महालक्ष्म्या त्याच कोपऱ्यात उभ्या राहतात, म्हणून दर भाद्रपदात पेटी मागच्या खोलीत जाते. त्या दिवशी सकाळी ती हलवताना भाऊजींनी एक दगड बाहेर काढला. बटनं मेल्यासारखी मिटलेली, वर तपकिरी बुळबुळीत थर, वास असा की नाकाला पदर लावावा. त्यांनी तो मागच्या पडवीत बादलीत ठेवला, "हा साफ करायचा आहे," म्हणाले, आणि नवी नळी आणायला स्कूटर घेऊन बूढापाऱ्याच्या बाजारात गेले. आमच्या घरात कोणीही "करायचं आहे" म्हटलं की ते माझ्या वहीत जातं.

स्वयंपाकघरात सासूबाई फुलोरा करत होत्या. देवींच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, साटोऱ्या, वेण्या तळून परातीत लावलेल्या. त्यांना दमा आहे, म्हणून खिडकीपाशी खुर्चीवर बसून त्या करंज्या मुरडत होत्या.

"तो दगड घासून नाही निघाचा," त्या म्हणाल्या. "उकळून काढ. उकळल्यावर काय राह्यते?"

मलाही ते पटलं. आम्ही दूध उकळतो, पिण्याचं पाणी उकळतो, बाळांच्या बाटल्या उकळल्या. उकळणं म्हणजे निर्धोक, हे आमच्या हाडात आहे. आंघोळीच्या पाण्याचं जुनं भगोनं घेतलं, हातमोजे आठवणीने घातले, दगड आत सोडला, गॅस लावला आणि वहीत नऊवर अर्धी खूण केली.

पाणी खदखदायला लागलं. वाफेला खारट, कुजकट वास होता. जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव आली. सासूबाई दोनदा खोकल्या. तेवढ्यात भाऊजी दारात आले आणि भगोन्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "वहिनी, आईला घेऊन बाहेर. आत्ता."

"काहून रे? माह्या करंज्या..."

"आई, ऊठ!"

मी सासूबाईंना हाताला धरून समोरच्या अंगणात आणलं. मागे वळून पाहिलं तर भाऊजी तोंडाला टॉवेल बांधून आत शिरले होते. गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली, एक्झॉस्ट लावला, बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. भगोनं जागचं हलवलं नाही, आतल्या पाण्यालाही हात लावला नाही. बाहेर येऊन मग श्वास घेतला.

"या विषाला उकळून काही होत नाही," ते म्हणाले. "उलट ते वाफेबरोबर छातीत जातं. चला, दवाखान्यात."

"मले काही नाही झालं," सासूबाई म्हणाल्या. "दमा हाये माहा जुना. पंप घेतो अन् करंज्या करतो. उद्या महालक्ष्म्या येऊन राहिल्या घरी!"

"त्रास तासाभराने वाढतो आई. तेव्हा तू दवाखान्यात पाहिजेस, घरी नाही."

त्यांनी पेटीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद काढून खिशात घातला. रिक्षात मी तो मागितला. विषाचं नाव पॅलिटॉक्सिन, ठळक अक्षरांत. कसं शरीरात जातं, काय लक्षणं दिसतात, किती तास नजर ठेवावी, यावर उतारा नाही म्हणून काय सांभाळावं. खाली घरातल्या प्रत्येकाचं वय आणि आजार, सासूबाईंच्या औषधांसकट. वीस वर्षं याद्या करणाऱ्या बाईने असा नेमका कागद कधी लिहिला नव्हता.

डॉक्टर तरुण होते. "मूंगे का ज़हर? पहली बार सुन रहा हूँ," असं प्रवाळाच्या विषाबद्दल सरळ म्हणाले, कागद दोनदा वाचला आणि कोणाला तरी फोन लावला. तेवढ्यात सासूबाईंना थंडी वाजायला लागली, छाती आवळली, ऑक्सिजन खाली आला. नेहमीचा दमा समजून त्यांना घरी पाठवलं असतं तर काय, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही. नळी नाकाला लावून त्यांना ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत मलाही ताप चढला.

"भाऊजी, मीच लावला गॅस," मी म्हणाले.

"हात लावू नका म्हणालो, उकळू नका म्हणालोच नाही. माझी चूक आहे, वहिनी."

त्या घटकेला एवढं बोलायला मोठं मन लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना घरी सोडलं. तोवर भाऊजींनी मास्क, चष्मा, हातमोजे चढवून स्वयंपाकघर ओल्या फडक्यांनी पुसून काढलं होतं, दगड गच्चीवर ब्लीचच्या पाण्यात बुडवला होता आणि उघड्यावरचं सगळं अन्न फेकलं होतं.

"फुलोरा?" सासूबाईंनी विचारलं.

"फेकला, आई."

त्या खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं केलं. शेजारणीले सांग, तिच्या घरी पाच करंज्या तळ म्हणा."

संध्याकाळी मी मुखवटे घेऊन उंबरठ्यावर उभी राहिले. देवी खोल्याखोल्यांतून फिरतात आणि प्रत्येक दारात घरातल्या मोठ्या बाईने मोठ्याने विचारायचं असतं. "राहू दे आई, मीच विचारतो," भाऊजी म्हणाले.

"बायांचं काम हाये ते. तू सरक."

त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. भाऊजी शेजारी वाकून आकडा बघत होते. सासूबाईंनी पदर सावरला, श्वास भरून घेतला आणि मागच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलांनी आल्या?"

"सत्त्याण्णव," भाऊजी म्हणाले.

"सोन्याच्या पावलांनी," मी म्हणाले आणि आत पाऊल टाकलं.