मागे बघणारी

"मी होते का बोटीवर? एवढंच सांगा. होते की नव्हते?"

"अगं, हळू बोल. वरचे ऐकतील."

"ऐकू देत! वरच्यांनाच तेवढं कळायचं राहिलंय. मी फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते आणि नर्सबाईंची मुलगी पाण्यात पडलेली मला दिसलीच नाही, हे सगळ्या तळ्याकाठाला कळलंय. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. कारण अहो कप्तान, मी त्या दिवशी दोनशे किलोमीटर लांब बहिणीच्या डोळ्यांत दर तासाला औषध घालत होते!"

कप्तान सिंक आणि फ्रिजच्या मधल्या सांदीत उभा होता. तिथून पुढे सरकायचं तर बायकोला ओलांडून जावं लागलं असतं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, "साहेबांनी विचारलं, मागे कोण होतं. घाईत तोंडातून तुझं नाव निघून गेलं."

"निघून गेलं? शिंक आहे का ती?"

त्याने नळ सोडला, पुन्हा बंद केला.

कप्तान हे त्याला धक्क्यावरच्या लोकांनी चिकटवलेलं नाव. थोडं कौतुकाने, बरंचसं चेष्टेने, कारण बोट इवलीशी आणि ऐट जहाजाची. त्याआधी अकरा वर्षं तो ट्रक चालवायचा. पाठीने दगा दिला तेव्हा ट्रक विकला, ही मोटरबोट घेतली आणि हौशी लोकांना हवेच्या ट्यूबवर बसवून तळ्यात ओढायचं काम सुरू केलं. ऐकायला सोपं, पण त्यात एक गोम आहे. चालवणाऱ्याला पुढे बघावं लागतं आणि जीव असतो मागे, दोराच्या टोकाला. म्हणून बोटीत दुसरं माणूस हवंच, पाठ पुढे आणि डोळे ट्यूबवर. तळ्याच्या कचेरीचा नियमच तसा. ती जागा नऊ वर्षं त्याच्या बायकोची होती. परवान्यावर तिचं नावही होतं.

दोघं पाठीला पाठ लावून बसत. तिची एक थाप खांद्यावर पडली की वेग कमी, दोन पडल्या की इंजिन बंद. का, कशाला, असं त्याने कधी विचारलं नाही. नऊ वर्षांत मान वळवून बघायची वेळच आली नाही त्याच्यावर. लोक धक्क्यावर असतानाच तिची शाळा सुरू व्हायची. "जॅकेटचे तिन्ही बंद लावा. हो, तुम्हीसुद्धा काका. पोहता येतं? छान, जॅकेट घालून पोहा. ट्यूबचा पट्टा मुठीत धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. पडलात तर एक हात वर करायचा, बस. मी बघत असते." हे शेवटचं वाक्य ती अशा काही ठसक्यात म्हणायची की रडकी पोरंसुद्धा ट्यूबवर चढून बसायची.

ती बहिणीकडे गेली ते चार दिवस बोट बांधून ठेवायची, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी कप्तानाला राहवेना. जुन्या ट्रकचा आरसा घरात पडून होता, तो त्याने सुकाणूजवळ पट्टीने घट्ट बसवला. दुपारी नर्सबाईंची मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. परीक्षा संपलेली, दोघी नुसत्या खिदळत होत्या.

"काकू नाहीत? मग मी बसू का मागे बघायला?" मैत्रिणीने विचारलंसुद्धा.

"काही गरज नाही," कप्तान रुबाबात म्हणाला. "अकरा वर्षं अख्खा ट्रक आरशावर मागे घेतलाय मी. ही तर एवढीशी ट्यूब. तू किनाऱ्यावर बसून फोटो काढ."

हे वाक्य आता त्याला जेवताना, दाढी करताना, कुलूप लावताना आठवायचं आणि कानाच्या पाळ्या तापायच्या.

वळणावर ट्यूब बाहेरच्या अंगाला फेकली जाते. तिथे खांद्यावर थाप पडायची. त्या दिवशी पडली नाही आणि हाताने आपणहून वेग कमी केला नाही. मुलगी उडाली. तिने मनगटाला पट्टा गुंडाळला होता, कारण गुंडाळू नकोस म्हणणारं कुणी नव्हतं. हाड मोडलं, मग पट्टा सुटला. कप्तानाने आरशात पाहिलं, तर मागे भगवं काहीतरी उसळतंय. ट्यूब भगवी, जॅकेटही भगवं. त्याला वाटलं, आहे की. किनाऱ्यावरची माणसं उठून हात हलवायला लागली, ओरडायला लागली. त्याला वाटलं, वाहवा चाललीये. त्यानेही हात हलवला. वर भोंगा वाजवला, दोनदा! आणि रिकामी ट्यूब ओढत अख्ख्या तळ्याला फेरी मारून आला. तोवर एका मच्छीमाराने त्या मुलीला आपल्या नावेत घेतलं होतं. ती अजून चांगला हात वर धरूनच होती.

कचेरीतला साहेब वही घेऊन आला. "मागे बघायला कोण होतं?"

"बायको," कप्तान म्हणाला.

"मग तिने पाहिलं नाही?"

"फोनमध्ये होती."

"आता कुठे आहे?"

"घाबरून घरी गेली."

तीन प्रश्न, तीन उत्तरं. एकदाही जीभ अडखळली नाही, हेच त्याला सगळ्यात जास्त डाचत होतं. धक्क्यावरच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी बायकोचं पूर्ण नाव लागलं: निष्काळजीपणा, दोन हंगाम बोटीवर बसायला मनाई. ती परत आली आणि आज सकाळी खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेली. तिथे नर्सबाईंनी भर रांगेत विचारलं, "तू आहेस म्हणून मी मुलीला पाठवत होते. पोरगी म्हणते काकू नव्हत्याच, पण ती तुझीच बाजू घेणार. असं काय होतं गं त्या फोनमध्ये?" ती तशीच धक्क्यावर गेली, फळा वाचला आणि औषध न घेताच घरी आली.

"मी तिला तिथंच सांगू शकले असते," ती आता म्हणाली. आवाज खाली आला होता आणि कप्तानाला तो चढ्या आवाजापेक्षा जड गेला. "रांगेत उभं राहून म्हणू शकले असते, माझा नवरा खोटारडा आहे. नाही म्हटलं. ते तुम्ही सांगायचं. आधी कचेरीत, मग तिच्या दारात. तिच्या तोंडावर. जा."

तो गेला. कचेरीत साहेब टेबलावर डबा उघडून बसला होता.

"साहेब, ते मी खोटं बोललो. बोटीत मागे कुणीच नव्हतं."

साहेबाने डब्याचं झाकण लावलं. "बायकोला वाचवायला आलास का रे? तसं असेल तर सरळ सांग."

"नाही हो. तेव्हा बायकोला पुढे करून स्वतःला वाचवलं." "ती गावातच नव्हती. तिच्या बहिणीला फोन लावून विचारा."

साहेबाने फोन लावला नाही. सरळ नवा कागद काढला. कप्तानाचा परवाना एक हंगाम बंद. फळ्यावरचा कागद शिपायाने त्याच्यासमोरच फाडला आणि तिथे त्याचं नाव लावलं. धक्क्यावरची माणसं जवळ येऊन वाचू लागली. कुणी कप्तान म्हणून हाक मारली नाही.

तिथून नर्सबाईंचं घर सात-आठ मिनिटांवर. तो फाटकापर्यंत पोचला, कडीवर हात ठेवला. व्हरांड्यात मुलगी बसली होती, प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या हाताने आणि दातांनी बिस्किटाचा पुडा फोडायची खटपट चालली होती. पुडा फाटला, बिस्किटं खाली सांडली. तिला हसू आलं आणि तिने आतल्या कुणाला तरी हाक मारली, "आई, परत!" आतून पावलं वाजली.

कप्तानाने कडी सोडली. त्याच्या मनाने वेगाने हिशोब मांडला: फळ्यावर लागलंच आहे, उद्यापर्यंत त्यांना कळेलच. आता उगाच कशाला त्यांना त्रास? तो वळला आणि कुंपणाच्या आडोशाने, थोडा वाकूनच, रस्त्याला लागला. पाठ दुखायला लागेपर्यंत तो वाकून चालतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झालं," तो म्हणाला. "कचेरीत सगळं सांगितलं. तुझं नाव काढलं, माझं लागलं. परवाना बंद, एक हंगाम."

तिने मान हलवली. चेहरा जरा सैल झाला. "आणि नर्सबाई?"

"गेलो होतो. फाटकापर्यंत."

"पुढे?"

"मुलगी बाहेर बसली होती गं. तो हात बघून..." त्याने चपलेने फरशीवरचा डाग घासला. "त्यांना कळेलच की. फळ्यावर आहे."

हातातल्या टॉवेलची घडी तिने पूर्ण केली, कडा जुळवल्या, ढिगावर ठेवली. गप्प राहायला हवं होतं हे त्याला बोलतानाच कळत होतं, तरी तो बोलला.

"एक हंगाम काय, बघता बघता जाईल. मग बसशील ना मागे? तुझ्याशिवाय मी आता दोर बांधणार नाही. शप्पथ. बसशील ना?"

तिने पायात चपला सरकवल्या, पट्टा वाकून नीट लावला, दार उघडलं आणि त्याच्याकडे न बघता बाहेर निघून गेली.