सलाईन न लावलेला ताप

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सासूबाईंना चिकुनगुनिया झाला. मी पुण्याहून आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावी पोचले, तेव्हा त्या पाय पोटाशी घेऊन बाजेवर पडल्या होत्या. मनगटं सुजलेली. सगळं आयुष्य शेळ्यांमागं चाललेली बाई. आडवं पडण्याचीच त्यांना लाज वाटत होती.

बाळापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तापाच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. सुई नाही, सलाईन नाही. म्हातारं माणूस म्हणून आपल्याला सोडून दिलं, असं सासूबाईंनी मनाला लावून घेतलं होतं.

मी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवते. विषाणू आला की त्या आपली जनुकं कशी चालू करतात, हे बघणं माझं काम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी उशाशी बसून सांगितलं. विषाणू आत शिरला की तो परका आहे हे पेशीला कळतं. ती खूण तिच्या केंद्रकापर्यंत पोचते आणि एरवी बंद असलेलं एक जनुक चालू होतं. त्यातून इंटरफेरॉन नावाचं द्रव्य तयार होऊन बाहेर पडतं. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचलं की त्या विषाणू यायच्या आधीच आपली शेकडो जनुकं चालू करतात. मग त्याला तिथं सहज वाढता येत नाही. ताप, अंगदुखी बरीचशी या धावपळीतूनच येते.

"म्हंजी मी पडून हाय, पर अंग काम करून राहिलं?"

"व्हय, आत्याबाई. म्हणून तर आराम करायला सांगितलं."

त्या माझ्याकडं कुशीवर वळल्या. मग म्हणाल्या, "अन् जिनं पयल्यांदा शेजारनींना सांगितलं, तिचं काय व्हतं?"

ती बऱ्याचदा मरते, मी म्हणाले. अशा मेलेल्या पेशी मी रोज सूक्ष्मदर्शकातून बघते आणि पुढच्या कामाला लागते. त्यांनी मात्र आपल्या सुजलेल्या मनगटावरून हळूच हात फिरवला.

"बिचारी," एवढंच म्हणाल्या.

सलाईनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ताप उतरला, सांधे मात्र दिवाळी उलटली तरी दुखत होते. मी रजा वाढवून थांबले. शेळ्यांची धार काढणं मला जमेना. सड कसे धरायचे ते त्या बाजेवरून सांगायच्या. एकदा दूध थेट माझ्या चष्म्यावर उडालं, तेव्हा आजारपणानंतर पहिल्यांदाच त्या पोटभर हसल्या.