खंडेनवमीचा सर्व्हर

जतहून सांगलीला एसटीने येऊन लॅबच्या दाराशी चपला काढेपर्यंत अर्शियाला साडेबारा वाजले. दिल्लीच्या शिष्यवृत्तीवाल्यांनी कालच कळवलं होतं, मूळ नकाशे आज पाचच्या आत हवेत. मिळाली तर पीएचडी, नाहीतर जतला घरी बसणं. जतच्या एकशे चाळीस विहिरींचे नकाशे तिने दोन वर्षं उन्हात फिरून केले होते आणि ते होते विद्यापीठाच्या सर्व्हरवर. लॅबमध्ये पेनड्राइव्हला बंदी, सर्व्हर आवाराबाहेरून उघडत नाही. आपलीच वस्तू बघायला एवढी तंगडतोड! हा नियम करणाऱ्याला एकदा जतच्या एसटीत उभं करायला हवं होतं.

आत प्रत्येक संगणकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. खंडेनवमी होती.

"आवं मामा, एकच मशीन चालू करा की," ती लॅब सांभाळणाऱ्या जोतिबामामांना म्हणाली. "न्हाईतर दोन वर्षं पाण्यात!"

"आज हत्यारं पुजल्यात, पोरी." पण तिचं तोंड बघून मामांनी फूल उचललं, कपाळाला लावलं आणि बटण दाबलं.

तिने पासवर्ड टाकला. फोल्डर उघडेना. सर्व्हर सापडत नाही म्हणे. दुसरं मशीन, तिसरं मशीन, तेच. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"त्यो बी बंद केलाय," मामा म्हणाले. "पूजा करून खोलीला कुलूप घातलंय. किल्ली लॅबच्या सरांकडं, आन् सर म्हाबळेश्वरला."

सरांचा फोन लागेना. कुलूप तोडायचं तर मामांची नोकरी जायची.

"दरसाली चालू असायचा की! बंद करायचं कुनाच्या डोक्यात आलं?"

मामा गोंधळले. "आगं, गेल्या साली तूच बोललीस न्हवं? आमचे अब्बा विळे-खुरपी करत्यात, पन खंडेनवमीला भात्याला हात लावत न्हाईत. भाता चालू ठिवून ऐरणीची कसली पूजा, म्हनलीस. मला लय पटलं बग."

बोलली होती. हातात पेढा घेऊन, सगळ्यांसमोर, ऐटीत. आता शिव्या घालायलाही दुसरं माणूस उरलं नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर स्टँडवर अब्बांचा फोन आला. भाता बंद, म्हणून ते दिवसभर मोकळेच होते. "झालं का काम, बेटा?"

"न्हाई अब्बा. आज तुमच्यागत सर्व्हरला बी सुट्टी हाय," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.