नऊ नंबरचा ठिपका

आमच्या सरांना निळा रंग फार आवडायचा. त्यांच्या गिऱ्हाइकांनाही आवडायचा. निळा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे कटकट, एवढंच विज्ञान त्या ऑफिसात शिल्लक होतं. ऑफिस म्हणजे कर्जतमध्ये एका मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माती-पाण्याच्या मोजणीचे आकडे कॉम्प्युटरवर घालून त्यांचे रंगीत नकाशे काढायचे, हे माझं काम. एम.एस्सी. करून तू रंगारी झालीस, असं माझा भाऊ म्हणायचा. चेष्टेत म्हणायचा, पण बरोबर म्हणायचा.

खालापूरच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्याला वाढायचं होतं. आसपासच्या गावांचं पाणी चांगलं आहे, असा अहवाल त्यांना हवा होता. पाणी कसं आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. मार्चमध्ये मी आणि आमचा ड्रायव्हर चौदा विहिरींवर फिरलो, बाटल्या भरल्या, प्रत्येक पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजलं. नऊ नंबरची विहीर कारखान्याच्या कुंपणाला लागून होती, सांडपाण्याच्या नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. सोडून दिलेली. तिच्या पाण्याला गुरंही तोंड लावत नव्हती.

चौदा ठिकाणच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर विहिरींच्या मधल्या सगळ्या जमिनीवर अंदाजाने आकडे पसरवतं आणि त्यांना रंग देतं. माझ्या नकाशावर कुंपणापाशी लाल डाग आला आणि त्यातून उताराकडे एक नारिंगी पट्टा खाली गेला. सरांनी तो पाहिला आणि चष्मा काढला.

"हे असं कसं द्यायचं?"

"मोजलंय तसंच आहे, सर."

"अगं, नुसत्या आकड्यांवरून लोकांना काय कळतं? तुलना दाखव. एक रेफरन्स पॉइंट घे आणि त्याची किंमत सगळीकडून वजा कर. जगभर करतात."

"कुठला घेऊ?"

"नऊ," सर म्हणाले. पापणीही लवली नाही.

जगभर करतात, हे खरं आहे. संदर्भासाठी एक बिंदू घेण्यात काही पाप नाही, तो कुठला आणि का घेतला हे सांगितलंत तर. पण सगळ्यात घाण पाणी मोजपट्टी म्हणून घेतलं, की बाकी सगळं गाव त्याच्यापेक्षा चांगलंच निघणार. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला त्या बिंदूची किंमत सूत्रात थेट मागता येत नव्हती. ठिपक्यावर जाऊन आकडा वाचायचा आणि हाताने सूत्रात चिकटवायचा. एकदा चिकटवला की तो कुठून आला, याचा मागमूस उरत नाही. तो आकडा मी चिकटवला. सरांनी नाही, मी. वजाबाकीनंतर शून्याच्या खालचं सगळं निळं, वरचं लाल; पुढच्या क्षणी अख्खा नकाशा निळा झाला. लाल डागाच्या जागी पांढरा, निष्पाप ठिपका उरला, कारण स्वतःतून स्वतःला वजा केलं की शून्य येतं.

गावच्या समाजमंदिरात सभा झाली. कारखान्याचे दोन अधिकारी, सर, पडद्यावर आमचा नकाशा. सर बोलत होते आणि 'वैज्ञानिक' हा शब्द मीठ भुरभुरावं तसा पेरत होते. पुढच्याच रांगेत एक मावशी बसल्या होत्या. सहा नंबरची विहीर त्यांची, नाल्याच्या खालच्या अंगाला, भाताच्या शेताजवळ. बाटली भरायला गेले होते तेव्हा त्यांनी मला चहा दिला होता, वरच्या वाडीतून आणलेल्या पाण्याचा. त्या उभ्या राहिल्या.

"पोरी, माझी हीर कुठं हाय गं यात?"

मी बोट दाखवलं.

"ती निळी कशी? पानी तर खारट हाय. तुमी मोजलंव ना?"

"मोजलंय, मावशी."

"मग?"

सर मध्येच म्हणाले, "बाई, हे टेक्निकल आहे. एका बिंदूशी तुलना केलेली आहे."

"तो बिंदू कुनाचा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसावं, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. मला धाडस वगैरे आलं नाही. लाज वाटली, इतकंच.

"कुंपणाजवळची पडकी विहीर," मी म्हणाले. "तिच्याशी तुलना केली की कुठलंही पाणी चांगलं दिसतं."

सभेत कल्लोळ झाला. कुणीतरी ओरडलं, "मंग दुसरी घ्या!" मी लॅपटॉपवर वरच्या वाडीतल्या स्वच्छ विहिरीचा आकडा वाचला आणि सूत्रात चिकटवला. नकाशा लालभडक झाला. टाळ्या पडल्या. गावचे एक पुढारी, जे निळ्या नकाशाच्या वेळी पहिल्या खुर्चीवर मान डोलावत बसले होते, आता उठून लाल नकाशाचे फोटो काढू लागले. सभा संपायच्या आत तो फोटो तालुकाभर फिरला.

"हाही खोटाच आहे," मी सांगत होते. "एकाच विहिरीवरून अख्खं गाव ठरवता येत नाही." ऐकायला कुणाला सवड होती? सरांना त्यांचा रंग हवा होता, पुढाऱ्यांना त्यांचा.

मावशी तेवढ्या थांबल्या. "रंग नको गं मला," त्या म्हणाल्या. "कुठल्या हिरीत किती आलं, ते लिहून दे. आन किती चालतं, तेबी."

शाळेतून एक कार्डबोर्ड आणला. त्यावर मी चौदा विहिरी, चौदा आकडे आणि वर पिण्याची मर्यादा असं जाड पेनाने लिहिलं. कुठलीही वजाबाकी नाही. सर तोवर अधिकाऱ्यांबरोबर गाडीत बसून निघून गेले होते, त्यामुळे मी परत टेंपोने आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला येऊ नकोस म्हणून सांगितलं. अहवाल निळ्या नकाशासकटच गेला, तळाशी बारीक अक्षरात एक टीप घालून. ती कुणाला समजणार नाही, याची काळजी घेतलेली होती. पण गावाने अर्ज केला, दुसऱ्या संस्थेकडून मोजणी झाली आणि कारखान्याचं वाढणं सध्या लांबलंय. लांबलंय, रद्द नाही झालेलं.

मी आता एका कॉलेजात शिकवते. मध्यंतरी मावशींच्या गावाला गेले होते. कार्डबोर्ड समाजमंदिराच्या भिंतीवर अजून आहे, कोपरे वाळवीने खाल्लेत. मर्यादेच्या वरच्या तीन विहिरींचं पाणी प्यायचं नाही, असं बायकांनीच ठरवलंय. बायका वरच्या वाडीतून पाणी आणतात, चढ चढून, दिवसातून दोनदा. सरांनी ऑफिस मोठं केलंय, असं ऐकते.