पुंगळीच्या तोंडाला तेल

नगरजवळ लष्कराच्या गोळीबार सरावाच्या माळालगत ती बाई दारात बसलेली दिसायची. माळावर वेचलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ती चिंचेनं लख्ख घासायची, पुंगळीच्या तोंडात बोटानं तेल फिरवायची, मग सळईवर ठोकून तोंड रुंद करायची. अगरबत्ती खोचायला लोक त्या विकत घेत.

"नुसतं घासलं, तेल न्हाई लावलं, तर पुंगळी सळई गच्च धरती, दादा."

तिचा नवरा त्याच माळावर, न फुटलेला गोळा उचलताना गेला. तरी ही रोज जातेच! संतापून मी आमच्या संस्थेचं पत्रक तिच्या हातात कोंबलं: 'माळावर जाऊ नका.'

तिनं ते सावकाश, पूर्ण वाचलं.

"लई खरं लिव्हलंय. मंग जाऊ कुटं, त्ये न्हाई लिव्हलं?"

मी पत्रक उलटलं. मागची बाजू कोरी होती.