संत्र्याचं पाणी तोडलं तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे घडलं ते लिहून काढा, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. कारण ते लिहायचं तर मी केलेली एक गोष्टही लिहावी लागते, आणि ती वाचल्यावर मंडळीतल्या बायका माझ्याकडे पूर्वीसारख्या पाहतील की नाही, याची मला धास्ती होती. पण मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. खरं बोलत नाहीत म्हणून किती मुलांना वर्गाबाहेर उभं केलं असेल, त्याला गणती नाही. मग आता स्वतःवर पाळी आल्यावर तोंड चुकवून कसं चालेल?

आम्ही दोघंच हुडकेश्वरला राहतो. माझे यजमान रेल्वेत केबलच्या कामावर होते. उंचेपुरे, हाताला वळण असलेले, मुळातच कमी बोलणारे. पावसाळा सरता सरता एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. त्या दिवशी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिन्या-दोन महिन्यांत धरून धरून चार पावलं टाकू लागले, पण शब्द मात्र एकही फुटेना. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, शब्दही आत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली आहे. सराव करून घ्या, पण घाई करू नका. त्यातलं मी फक्त ‘सराव करून घ्या’ एवढंच ऐकलं.

उत्तर आलं नाही की तोच प्रश्न अधिक मोठ्याने विचारायचा, ही माझी वर्गातली पद्धत. तीच मी घरात सुरू केली. सकाळ-संध्याकाळ पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसायची. “म्हणा, पाणी. म्हणा, भात. माझ्या तोंडाकडे पाहा.” त्यांच्या घशातून नुसती घरघर यायची आणि डोळे भरून यायचे. मी ओठ घट्ट मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. रविवारी मात्र चर्चमध्ये मी लहान मुलांना बायबलमधलं आत्म्याचं फळ शिकवत होते. पुठ्ठ्याचं झाड, त्यावर नऊ कागदी संत्री. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असं एकेका संत्र्यावर लिहिलेलं. मुलांनी एकेक तोडायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. सहनशीलतेवर मी इतकं छान बोलायची की मुलांच्या आया दाराशी थांबून ऐकायच्या.

आमच्या अंगणात खरं संत्र्याचंही एक झाड आहे. घर बांधलं त्या वर्षी यांनी लावलेलं. पानं हिरवीगार, पण इतक्या वर्षांत एक फूल नाही. हे आजारी पडल्यावर मी मनाशी एक गोष्ट पक्की करून टाकली: या झाडाला फूल येईल तेव्हा यांना वाचा येईल. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वप्न पडलं नव्हतं. देवाच्या तोंडी ते मीच घातलं आणि मग त्याने ते पाळावं म्हणून त्याच्यामागे लागले. आमच्याकडे नळ पहाटे साडेपाचला येतो. मी रोज संध्याकाळी पाइप झाडाच्या आळ्यात ठेवून तोटी उघडी करून झोपायची, म्हणजे पाणी आलं की झाड पोटभर पिणार. सकाळी आळं तुडुंब भरलेलं पाहिलं की मला वाटायचं, आपण आपलं काम केलं, आता देवाने त्याचं करावं.

डिसेंबर लागला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सहाला उठून बाहेर आले. धुकं होतं. आळं कोरडं. मला वाटलं, नळच आला नसेल. मग पाहिलं तर तोटी घट्ट बंद केलेली, आणि पाइप भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. नुसता टांगलेला नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आडवा-तिडवा गुंडाळून, मधे गाठ मारून. केबलवाल्यांची ती पद्धत आहे, त्याने पाइपला पीळ पडत नाही. आमच्या घरात असा पाइप गुंडाळणारा एकच माणूस होता आणि तो आत खाटेवर पडलेला होता. यांनी मला ते कितीदा शिकवून पाहिलं, मला कधी जमलं नाही. मी आपली पाइप गोळा करून कोपऱ्यात टाकणारी. आणि तो खिळाही यांनी स्वतःच्या उंचीने ठोकलेला, माझा हात तिथे पोचत नाही. मी स्टूल आणून पाइप काढला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. फाटकाला आतून कुलूप, किल्ली माझ्या उशाखाली. शेजारच्या रंजनाबाईंचा कुत्रा पान हललं तरी भुंकतो, तो एकाही पहाटे भुंकला नाही. मी भिंतीशी जाऊन रंजनाबाईंना विचारलं, तुमच्याकडून कोणी आमचा नळ बंद करतं का?

“मी काहून बंद करू जी तुमचा नळ?” त्या म्हणाल्या. “अन् फाटकाले तर कुलूप राह्यते तुमच्या.” मग झाडाकडे पाहून हसल्या. “पण टीचर, ज्यानं केला त्यानं बरं केलं. तुमी त्याले रोज पाणी पाजून राहिल्या, मंग ते फुलंल कसं? त्याले ताण द्या लागते.”

मी विचारलं, ताण म्हणजे काय.

“पाणी तोडाचं. माया बापाचा बगीचा होता काटोलकडे. डिसेंबर लागला का तो पाणी तोडे. पानं मलूल होऊन वळाले लागत, आमाले रडू ये. तो म्हणे, पाहू नका तिकडं. तहान लागू द्या, मंगच झाड फुलाचं मनावर घेते.”

मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि त्या संध्याकाळी पुन्हा पाइप आळ्यात ठेवला, तोटी उघडी केली.

पाचव्या सकाळी पायरीवर माझ्या चपला होत्या. रात्री मी त्या पलंगाखाली काढून ठेवल्या होत्या. त्यांच्या तळाला आळ्याकाठची दवाने भिजलेली काळी माती लागली होती. कुणीतरी माझ्याच चपला घालून अंगणात गेलं होतं आणि परत येऊन त्या पायरीवर नीट जोडून ठेवल्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि कडीला पाठ टेकून उभी राहिले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी त्या क्षणी तोंडातून प्रभूचं नाव निघालं ते भक्तीने नाही, भीतीने.

तेवढ्यात लक्षात आलं की यांची खाट खिडकीलाच लागून आहे. हे पाचलाच जागे होतात आणि खिडकीतून अख्खं अंगण दिसतं. मी धावत त्यांच्याकडे गेले.

“अहो, पहाटे कोणी येतं का अंगणात? तुम्ही पाहिलं?”

त्यांनी मान हलवली. हो.

“माणूस आहे?” नाही. “बाई?” हो. “आपल्या ओळखीची?” हो. आणि ते हसले. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी हसली, उजवी तशीच ओघळलेली.

“कोण? नाव सांगा. अहो, कोण ते सांगा नं!” घशात घरघर सुरू झाली. मी त्यांचे खांदे धरले. शाळेतला आवाज लावला. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे केला. मला वाटलं, तू गप्प बस म्हणतात, आणि तेही हसत हसत. मी त्यांच्या गालावर चापट मारली.

ज्या गालाला कळत होतं, त्याच गालावर. माझा हात लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांनी मान वळवली नाही की हात वर केला नाही. नुसते माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. प्रार्थना करावी म्हटलं तर काय म्हणायचं तेच सुचेना. पुठ्ठ्याच्या झाडावरचे ते नऊ शब्द मी किती वर्षं तोंडपाठ म्हणत आले होते, त्यातला एकही माझ्यात नव्हता. बाहेरून बांधलेली कागदी फळं, बस्स.

त्या संध्याकाळी मी पाइप ठेवला नाही. रंजनाबाईंचं ऐकलं म्हणून नाही, अंगात बळच उरलं नव्हतं म्हणून. पाटीलाही हात लावला नाही. पाळकसाहेबांना निरोप दिला की काही आठवडे मुलांचा वर्ग दुसऱ्या कुणी घ्यावा. नाताळ आला, दाराशी चांदणी लावली आणि आम्ही दोघं घरीच राहिलो. झाडाची पानं आधी निस्तेज झाली, मग कडेने वळली, मग गळू लागली. आळ्यात भेगा पडल्या. खिडकीतून ते पाहवत नव्हतं आणि नजर दुसरीकडेही जात नव्हती. मी यांच्या खाटेशी बसून राहायची. काही विचारायचं नाही, काही म्हणवून घ्यायचं नाही. देवाकडेही काही मागणं उरलं नव्हतं. नुसती म्हणायची, मी इथे आहे. कित्येक सकाळी मला अंथरुणात जाग यायची तेव्हा पाय थंडगार असायचे. थंडीच तशी होती, त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

संक्रांत झाली तेव्हा रंजनाबाई भिंतीवरून म्हणाल्या, “आता द्या जी पाणी. पण थोडंच.” मी आळं खुरपलं, शेणखत घातलं आणि हंड्याने बेताचं पाणी दिलं. फेब्रुवारीत एका दुपारी मी खाटेशी बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते, आणि खिडकीतून असा वास आला की हात थांबले. झाड पांढऱ्या कळ्यांनी भरलं होतं. काही उमललेल्या होत्या, मधमाश्या लागल्या होत्या. माझ्या मनात त्या जुन्या सौद्याची आठवणही आली नाही. मी आपली पाहत होते.

“तू,” कोणीतरी म्हणालं.

मी वळले. हे माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, हाक मारली. रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं. म्हटलं, “काय हवंय तुम्हाला?” त्यांनी मान हलवली, नाही. डाव्या हाताने खिडकीबाहेर नळाकडे दाखवलं. तोटी बंद करावी तशी बोटं फिरवली. हवेत आठचा आकडा काढला. मग बोट माझ्याकडे वळवून पुन्हा म्हणाले, “तू.”

माझ्या हातातले घाटे खाली सांडले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हात उचलला होता तो हेच सांगायला. मी ज्या प्रश्नासाठी त्यांना मारलं, त्याचं उत्तर ते मला त्याच वेळी देत होते. पण त्यांचं सांगून संपलं नव्हतं. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि आपल्या गालावर ठेवला, त्याच गालावर, आणि माझीच बोटं धरून हळूहळू फिरवली. डोळे मिटून म्हणाले, “रोज.”

मी विचारलं, मी नळ बंद करून आत येते आणि तुमच्या गालावरून असा हात फिरवते? हो. रोज पहाटे? हो. मी तुम्हाला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही? हो. पाइप ठेवायचं मी सोडून दिलं, त्यानंतरही? त्यांनी मान हलवली आणि खिडकीतल्या उजेडात मला दिसलं की ते रडत आहेत. हो. आजही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, झोपेत चालणं असतं काही लोकांना, मनावर फार ओझं असलं की होतं. असेल. त्या खिळ्यापर्यंत माझा हात पोचत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तो प्रश्न मी ज्याच्याकडे सोडायचा त्याच्याकडे सोडला आहे. येशूने सांगितलं होतं की माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याचं त्यालाच कळत नाही. मी हे शेकडो वेळा वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी ते बी दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातलं असेल असं समजून पुढे गेले होते.

यांना आता दहा-बारा शब्द येतात. काही दिवस एकही येत नाही. झाडाला वाटाण्याएवढी फळं धरली, त्यातली निम्मी गळाली. रंजनाबाई म्हणतात, गळू द्या. मला अजूनही चटकन राग येतो, आवाज अजूनही चढतो. पहाटे अंगणात कधी चपलांचा आवाज झाल्यासारखा वाटतो आणि मी कुठे आहे, अंथरुणात की बाहेर, हे क्षणभर कळत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण त्या भीतीतच मी उपकार मानते आणि एवढंच म्हणते: प्रभो, पहाटे जी यांच्याजवळ येते तिला थांबवू नकोस. आणि दिवसभर जी मी असते, तिला तिच्यासारखी कर.